नऊशे ग्रॅमची तूट

१

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी सव्वाअकरा वाजता कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एक जुनी लोखंडी पेटी वजनकाट्यावर ठेवण्यात आली. कागदावर तिचं वजन एकवीस किलो चारशे ग्रॅम होतं. काट्यावर वीस किलो पाचशे आलं. काटा तपासला, पेटी उतरवून पुन्हा ठेवली. पुन्हा वीस किलो पाचशे.

पेटी म्हणजे पाइपांच्या वेल्डिंगचे फोटो काढणारा रेडिओग्राफी कॅमेरा. त्यातली किरणोत्सारी गोळी २०१४ मध्येच काढून परत पाठवली होती. उरलं होतं ते गोळीभोवतीचं कवच. किरणं अडवायला शिशाहून जड धातू बरा पडतो, म्हणून हे कवच युरेनियमचं होतं. बॉम्बच्या कामाचा भाग काढून घेतल्यावर मागं राहतं ते युरेनियम. तरी ते युरेनियमच. त्याचा ग्रॅम न् ग्रॅम सरकारला कळवावा लागतो आणि पेटी मोडीत निघाली की परत करावा लागतो. पेटी त्यासाठीच निघाली होती.

कवचाला वरून एक बूच होतं, चहाच्या छोट्या ग्लासात मावेल एवढं. ते काढून पाहिलं. रंग तोच, आकार तोच. धातू शिशाचा. कुणीतरी युरेनियमचं बूच काढून तिथं शिशाचं बसवलं होतं.

मंगळवारी दुपारी दौंड पोलिसांनी कंपनीचा ड्रायव्हर नवनाथ याला अटक केली. पेटी जमिनीतल्या ज्या कुलूपबंद खड्ड्यात ठेवत त्याची किल्ली त्याच्याकडे असायची. झडतीत त्याच्या घरी शिशाची कांडकी, वितळवायची पळी आणि बुचाच्या बरोबर मापाचा एक लाकडी ठोकळा सापडला. बुधवारच्या पेपरात ‘युरेनियमचोर चोवीस तासांत जेरबंद’ असा मथळा आला. त्याखाली उपनिरीक्षक मोनाली बोरावके यांचा फोटो होता.

फोटोत त्या अटकेच्या कागदावर सही करत होत्या. हातातलं स्टीलचं पेन त्यांना बक्षीस मिळालेलं होतं. गेल्या वर्षी दौंडला पोलिसांसाठी अणुसुरक्षेवर व्याख्यान झालं होतं. वक्ते होते शिरूरचे सोपानराव टेमगिरे, सगळ्यांचे आप्पा. किरणोत्सार सुरक्षेत उभी हयात गेलेला माणूस, आता निवृत्त. कुरकुंभच्या या कंपनीचा साठा वर्षातून एकदा तपासून तेच सही करत. व्याख्यानात त्यांनी एक धातूचा तुकडा हातोहात फिरवला आणि वजन ओळखायला सांगितलं. मोनालीची आई केडगावच्या बाजारात भाजी विकायची. काट्यावर टाकण्याआधी हातानं वजन सांगायची सवय लेकीलाही होती. तिनं सांगितलं ते बरोबर निघालं, आणि आप्पांनी खिशातलं पेन काढून तिला दिलं.

बुधवारी तिनं आप्पांना फोन केला. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते.

“आप्पा, वरून निरोप आलाय. कोठडी शुक्रवारपर्यंतच आहे, अकराला पुन्हा रिमांड. दहशतवादविरोधी कायद्याचं कलम लावायचं आणि केस दुसऱ्या यंत्रणेकडं द्यायची. आंतरराष्ट्रीय कराराचा भंग म्हणतायत.”

“कुठला करार?”

“व्हिएन्नाचा. ऐंशी सालचा.”

“त्यात हे युरेनियम येतच नाही. व्याख्या वाच म्हणावं. आपल्या बासष्टच्या अणुऊर्जा कायद्यात येतं, तेवढंच लाव. आणि पोरी, कुठल्याही करारात माणसाला माहीत होतं का, हे बघावं लागतं. नवनाथला काही माहीत नव्हतं. मी लिहून देतो.”

लिहून काही आलं नाही. ते कलम एकदा लागलं की नवनाथ किती वर्षांनी बाहेर येईल, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

२

गुरुवारी सकाळी मोनाली कोठडीपाशी खुर्ची घेऊन बसली. हवालदार चांगदेव मागं उभा होता.

“नवनाथभाऊ, ठोकळा तुमच्या घरात सापडला.”

“व्हय.”

“कुणी दिला?”

नवनाथनं गुडघे जवळ ओढले.

“अरे बाबा,” चांगदेव म्हणाला, “तू बोलंना आन् पेपरवाले गप बसंनात. माझ्या मेव्हण्यानं सोलापुरातनं फोन केला, दौंडात बॉम्ब घावला का म्हणून.”

नवनाथला हसू आलं, लगेच गेलंही. पंचेचाळिशीचा माणूस, दोन दिवसांत दाढीचे खुंट पांढरे दिसायला लागले होते.

“बूच शिशाचं आहे, हे तुम्हाला कधी कळलं?” मोनालीनं विचारलं.

“सोमवारी. काट्यापाशी. समद्यांसंगंच.”

“आणि बघितल्या बघितल्या ते तुमच्या घरात ओतलंय, हे ओळखलं.”

त्यानं मान खाली घातली.

“मग सांगत का नाही?”

“म्याडम, आज गुरुवार ना?”

“हो.”

“कोर्ट उद्या हाय.”

“उद्या अकराला. त्यानंतर माझ्या हातात काही राहणार नाही.”

“मंग हाय की अजून येक दिवस. येत्याल.”

“कोण येईल?”

नवनाथनं भिंतीकडं तोंड केलं. चांगदेवनं दोनदा विचारलं, एकदा दरडावून. नवनाथ वकिलाची वाट बघत नव्हता. त्यानं वकील मागितलाच नव्हता.

मोनाली उठली. चोर असा कुणाची वाट बघत थांबत नाही, हे तिला मंगळवारीच दिसायला हवं होतं. मंगळवारी तिला साडेपाचची पत्रकार परिषद दिसत होती.

३

कुरकुंभला कंपनीचे मालक इंद्रजीत यांच्या केबिनमध्ये ती पेटी सीलबंद करून ठेवलेली होती. बुचाला स्वतंत्र कुलूप होतं. त्याच्या किल्ल्या दोन, एक इंद्रजीत यांच्या कपाटात, दुसरी सुरक्षा सल्लागार म्हणून आप्पांकडं. कपाट कधीच बंद नसतं, हे तंत्रज्ञ भारतनं स्वतःहून सांगितलं.

“म्हणजे किल्ली तुम्हीही घेऊ शकत होता,” मोनाली म्हणाली.

“कुणीही. सफाईवाली मावशीसुद्धा.” भारत खांदे उडवत म्हणाला. “पण मॅडम, मी इथं गेल्या जानेवारीच्या आदल्या जानेवारीला आलो. त्या पेटीला हात लावायचा प्रसंग वर्षातून एकदा. खंडेनवमीला.”

“तेव्हा काय?”

“पूजा,” इंद्रजीत म्हणाले. “आमची हत्यारं म्हंजी कॅमेरे. समदे बाहेर काढून मांडायचे. ही पेटी चालू न्हाई, तरी तिच्यावरच धंदा उभा राहिला. तिला खड्ड्यात एकटी कशी ठेवायची? तिचा मान पहिला.”

मोनालीनं फोटोंचा लिफाफा उघडला. सोमवारच्या पंचनाम्याचे फोटो तिनं वीस वेळा तरी पाहिले होते. पेटीच्या वरच्या पत्र्यावर तेलकुंकवाचा जाड, काळपट थर होता. त्याच पत्र्याच्या मध्यावर बूच. त्यावरही कुंकू होतं, पण पातळ. मधून रंग दिसत होता.

“कुंकू पुसता का तुम्ही?”

“देवाचं कुंकू पुसायचं कशाला? वर्षाचं वर्षाला वर चढतंय.”

“मग बुचावर कमी कसं?”

इंद्रजीत यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

“पूजेचे फोटो आहेत? दरवर्षीचे?”

होते. कंपनीच्या ग्रुपवर सगळे पडलेले होते. भारतनं मोबाइलवर एकेक वर्ष मागं नेत दाखवलं. २०२२ च्या फोटोत पेटीचा अख्खा माथा एकसारखा माखलेला, बूच कुठं आहे हेही ओळखू येत नव्हतं. २०२३ च्या फोटोत कुंकवाच्या मधोमध एक कोरी चकती आणि तिच्यावर बोटाचा एकच ताजा लाल टिळा.

“टिळा कुणी लावला?”

“म्याच लावला,” इंद्रजीत म्हणाले. “दरवर्षी म्याच लावतो. दिसलं कसं न्हाई?” ते खुर्चीत मागं टेकले. “न्हाई, दिसलं होतं. वाटलं, साठा तपासताना पुसलं असंल. इचारलं न्हाई. कुणाला इचारणार? सगळंच नीट चाललं होतं.”

बूच बदललं ते २०२२ आणि २०२३ च्या दसऱ्यांच्या मधल्या वर्षात. तेव्हा भारत इथं नव्हता. आणि इंद्रजीत?

“सोमवारी पेटी काट्यावर ठेवायला कुणी सांगितलं?”

“म्या. फॉर्मावर वजनाचा रकाना होता. समदे म्हणाले, जुना आकडा टाका. म्हणलं, सरकारी काम हाय, करू एकदाचं खरं.”

बूच ज्यानं बदललं त्यानं पेटी काट्याच्या जवळपासही फिरकू दिली नसती. मोनालीनं वहीत इंद्रजीत यांच्या नावावर काट मारली. मग कोण उरतं ते मोजलं. नवनाथ सोडला तर एकच राहत होतं. ते तिनं लिहिलं नाही. साठा तपासणारा माणूस कुंकू पुसणारच, त्यात काय? तिनं वही मिटली.

४

नवनाथचं घर दौंडला भीमेच्या काठी. त्याची आई धुरपदा अंगणात जाळं पसरून बसली होती. जाळ्याच्या कडेला शिशाचे गुंडे ओवलेले असतात, त्यानं जाळं पाण्यात झटकन बुडतं. ते गुंडे धुरपदा घरीच ओतायची. सगळं शिसं आणि पळी पोलिसांनी नेल्यामुळं जाळ्याची एक कड मोकळी होती.

“आली का परत?” ती म्हणाली. “आता काय न्यायचं ऱ्हायलंय? चूल हाय. न्या.”

“मावशी, बसू का?”

“बस. पोलिसाला नगं म्हणून चालतंय व्हय?”

मोनाली जमिनीवरच बसली. “मंगळवारी तुम्हाला विचारलं होतं, बूच पोरानं ओतलं का.”

“आन् म्या सांगितलं, म्या ओतलं. तर तुझा हवालदार म्हणतो, म्हातारी पोराला झाकती.” चांगदेव दारात दुसरीकडं बघायला लागला. “नवनाथला पळी धरता येत न्हाई. येकदा धरली ती पायावर सांडली. डाग हाय अजून, बघ जाऊन.”

“कुणासाठी ओतलं, ते आम्ही विचारलंच नाही.”

“न्हाईच इचारलं.”

“आता विचारते.”

धुरपदानं हातातली दोरी खाली ठेवली. “नाव मला ठावं न्हाई. त्यानं लाकडाचं माप आणलं. म्हणला, आये, ह्या मापाचं येक गुळगुळीत करून दे, साहेबास्नी पायजे. म्या म्हणलं, साहेबाला मासं धरायचं हाय का? तर म्हणला, न्हाई गं, साहेबास्नी शिकवाया लागतं. लोकांच्या हातात द्यायाला.”

मोनालीनं दारातल्या चांगदेवकडं पाहिलं.

“म्या तीनदा ओतलं, दोनदा भोक पडलं म्हणून. शिकवायचं काम, वाकडं कसं द्यावं?” धुरपदानं तिच्याकडं रोखून पाहिलं. “काय झालं? तोंड का उतरलं तुझं?”

५

गाडी चौफुल्याला वळून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली तरी मोनाली आकडेच मांडत होती. मांडीवर वही होती.

“म्याडम, शिरूरला कशापायी?” चांगदेवनं विचारलं.

“चांगदेव, सोमवारी शिशाचं बूच किती भरलं?”

“तेराशे ग्रॅम. पंचनाम्यात हाय.”

“पेटीत तूट किती?”

“नऊशे.”

“मग मूळ बूच?”

“बावीसशे. त्यात काय एवढं?”

“गेल्या वर्षीच्या व्याख्यानाला होता का तुम्ही?”

“व्हतो. मागच्या वळीत. खरं सांगू, झोपलो होतो. त्यो तुकडा आला तवा जागा झालो.”

“आप्पा काय म्हणाले होते, कशाचा तुकडा आहे?”

“शिशाचा. घाबरू नका म्हणले. युरेनियम तर ह्याच्या दीडपट जड असतंय, म्हणले.”

“केवढा होता?”

चांगदेवनं स्टेअरिंगवरचा एक हात सोडून बोटांनी माप दाखवलं. चहाच्या छोट्या ग्लासाएवढं.

“मी वजन किती सांगितलं होतं?”

चांगदेवनं वेग कमी केला. पोलीस मेसच्या काट्यावर तो तुकडा ठेवला होता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्यानंतर महिनाभर स्टेशनात मोनालीला ‘बावीसशे’ म्हणून हाक मारत. ती हाक चांगदेवनंच सुरू केली होती.

त्या मापाचं शिसं तेराशे भरतं. धुरपदानं ओतलेलं तेराशेच भरलं. बावीसशे भरलं ते शिसं नव्हतं.

मोनालीनं खिशातलं पेन काढून पाहिलं. मंगळवारी नवनाथच्या अटकेच्या कागदावर तिनं याच पेनानं सही केली होती.

६

आप्पांचं घर शिरूरला घोडनदीकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. आप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. कुठंतरी निघालेल्या माणसासारखे.

“ये. चहा टाकायला सांगू?”

“नको. आप्पा, तो लेक्चरचा तुकडा बघायचाय.”

“कुठला?”

“शिशाचा.”

आप्पांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला.

“कपाटात आहे. करारांच्या फायलीशेजारी. तूच काढ. मला डॉक्टरांनी जड उचलू नको सांगितलंय.”

तिनं हातमोजे घालून तो काढला. चंदेरी रंग, एका बाजूनं थोडा घासलेला. हाताला वजन लगेच ओळखू आलं.

“बावीसशे,” ती म्हणाली.

“त्या दिवशी तू बरोबर सांगितलंस तेव्हा मला घाम फुटला होता. म्हटलं, ही पोरगी आता विचारेल, एवढ्याशा शिशाचं एवढं वजन कसं? काहीतरी करायला पाहिजे म्हणून पेन काढून दिलं. आधी कधी कुणाला बक्षीस दिलं नव्हतं. नंतरही नाही.”

“का केलंत?”

“लोक झोपायचे.” आप्पांनी हे अगदी सरळ आवाजात सांगितलं. “अठरा वर्षं शिकवतोय. व्हिएन्ना, न्यूयॉर्क, कोणत्या देशानं काय कबूल केलं, का केलं. जगात सगळ्यात जपून ठेवायची वस्तू कुठली, हे मी सांगतोय आणि पुढं लोक घोरतायत. आधी खरंच शिसं नेत होतो. हातात घ्यायचे, पुढं द्यायचे. मग एका वर्षी साठा तपासताना हे बूच हातात आलं. एवढंसं, आणि हात खाली जातो. वाटलं, हे द्यावं. पहिल्याच वेळी हॉल गप्प झाला. वर मी म्हणायचो, हे नुसतं शिसं, युरेनियम याच्या दीडपट. लोक श्वास रोखायचे. मला त्याची सवय लागली.”

“आणि साठ्याच्या कागदावर दरवर्षी सही.”

“दरवर्षी. बूच जागेवर, कुलूप ठीक.”

“परत ठेवणार होतात?”

“पेटी निघायच्या आधी. तारीख आली तेव्हा डोळ्याला पट्टी होती. म्हटलं, सील बघून पाठवतील, तिकडं गेल्यावर काहीतरी करू. इंद्रजीत वजन करेल असं वाटलं नाही. तो कधी करत नाही.”

“मंगळवारी नवनाथला उचललं. आज गुरुवार.”

आप्पांनी वाकून बुटाची नाडी चाचपली.

“आप्पा, मी तीन दिवसांचं विचारतेय.”

“रोज सकाळी कपडे करून बसतो,” आप्पा म्हणाले. “बूट घालतो. काल तुझा फोन आला तेव्हाही घातलेले होते. म्हटलं, आधी कायद्यानं सुटतोय का बघू. त्याला माहीत नव्हतं, तो सुटायलाच पाहिजे. मग मी गेलो काय, न गेलो काय.” ते खुर्चीत पुढं सरकले. “त्यानं माझं नाव घेतलं?”

“नाही.”

“अजिबात नाही?”

“येत्याल, एवढंच म्हणतो. तुम्हीच लावलं ना त्याला कंपनीत कामाला?”

आप्पांनी मान हलवली. नाव घेतलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, हे तिला दिसत होतं.

“व्याख्यानात तुम्ही फळ्यावर एक शब्द लिहिला होता,” ती म्हणाली. “सगळ्यात मोठ्या अक्षरात.”

“हेतुपुरस्सर.”

“या सगळ्या प्रकरणात हे काय आहे ते एकाच माणसाला माहीत होतं. दहशतवादाचं कलम कुणालाच लागत नाही, ते मी उद्या कोर्टात तुमच्याच शब्दांत सांगेन. पण बासष्टचा कायदा तुम्हाला लागतो.”

“माहीत आहे. मीच शिकवलाय.”

आप्पा उठले, भिंतीला हात लावून दाराकडं गेले आणि पायरीपाशी थांबले. डोळ्यांना उन्हाचा त्रास होत असावा. चांगदेवनं पुढं होऊन त्यांचा दंड धरला.

पंचनामा ओसरीवर झाला. चंदेरी रंगाचा धातूचा गोल तुकडा, नग एक. मोनालीनं खिशातलं पेन काढून त्याच्या शेजारी ठेवलं आणि लिहायला सांगितलं, स्टीलचं पेन, नग एक, आरोपीनं उपनिरीक्षक बोरावके यांना दिलेलं.

“म्याडम, हे कशाला?” चांगदेव हळू आवाजात म्हणाला. “ह्यानं तुम्ही साक्षीदार व्हाल. केस तुमच्याकडं ऱ्हायची न्हाई.”

“नाहीच राहणार. हा तुकडा हॉलमध्ये माझ्याही हातात होता. वजन माझ्या हाताला कळलं होतं. आणि मी टाळ्या घेतल्या.”

सही करायला चांगदेवनं आपलं पेन दिलं.

७

शुक्रवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी नवनाथ दौंडच्या कोर्टातून बाहेर आला. सरकारी पक्षानं नवं कलम मागितलं नव्हतं, त्याला सोडायलाही हरकत घेतली नव्हती. धुरपदा पायऱ्यांवर बसलेली होती, ती उठली नाही, तिनं फक्त त्याचा हात धरून खाली ओढलं आणि पायावरचा डाग जागेवर आहे का हे बघावं तसं त्याच्याकडं वरून खाली पाहिलं. पेपरवाले दुसऱ्या दाराशी होते. तिथून आप्पांना आत नेणार होते.

मोनाली नवनाथच्या समोर येऊन उभी राहिली. मंगळवारबद्दल बोलायचं तिनं ठरवलं होतं. वाक्यही ठरलं होतं.

त्याआधी नवनाथनंच विचारलं.

“म्याडम, आप्पा आपल्या पायानं आलं ना?”

केस डायरीत नोंद होती, गुरुवार, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं, राहत्या घरातून ताब्यात. नोंद तिच्याच अक्षरात होती.

“आले,” मोनाली म्हणाली.

“मला म्हाईतच होतं,” नवनाथ म्हणाला. मग आईकडं बघून त्यानं विचारलं, “आन् आयचं शिसं कवा मिळंल? जाळ्याची येक बाजू वर तरंगती.”

ते मिळायला वेळ लागेल, असं तिनं सांगितलं. ते शिसं मुद्देमालात जमा होतं. ठरवलेलं वाक्य तसंच राहिलं.